एसीएल तुटल्यानंतरची फिजिओथेरपी : कोल्हापुरातील एका फुटबॉलपटूचा अनुभव

कोल्हापुरातला फुटबॉल पेठांचा आहे, आणि पेठांमध्ये गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीबद्दल वर्षानुवर्षे एवढेच बोलले जायचे की अमक्याचा गुडघा गेला. ज्याचा गुडघा गेला तो पुढच्या हंगामात गुडघ्याला पट्टा बांधून उतरायचा, एखाद्या सामन्यात वळताना पुन्हा पडायचा, आणि मग काही वर्षांतच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर प्रेक्षकांत बसलेला दिसायचा. असे कितीतरी चांगले खेळाडू मी लहानपणापासून पाहिले. माझाही उजव्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे सांध्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा एक अस्थिबंध, तुटला. पण मला वेळेवर चांगली फिजिओथेरपी मिळाली, शस्त्रक्रियेच्या आधीही आणि नंतरही, आणि पुढच्या हंगामात मी पुन्हा खेळू लागलो. या मधल्या काळात कोणत्या टप्प्यावर काय करून घेतात, काय तपासतात आणि ते तसेच का, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण आमच्याकडे खेळाडूंना याबद्दल जे सांगितले जाते ते बहुतेक ऐकीव असते.

दुखापत डिसेंबरमधल्या एका साखळी सामन्यात झाली. मी उजव्या बाजूने चेंडू घेऊन पळत होतो, समोरचा बचावपटू अजून अंतरावर होता, आणि त्याला चकवण्यासाठी उजवा पाय रोवून मी आत वळलो. बुटाचे स्टड मैदानात घट्ट बसले. शरीर वळले, पाऊल मात्र वळले नाही. गुडघा आतल्या बाजूला झुकला आणि आत काहीतरी सुटल्याचा आवाज मला ऐकू आल्यासारखा जाणवला. कोणाचाही धक्का लागलेला नव्हता. एसीएलच्या बहुसंख्य दुखापती अशाच, वळताना, एकदम थांबताना किंवा उडीवरून उतरताना, कोणाच्या स्पर्शाशिवाय होतात. अंधार पडेपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. दुखापतीनंतर काही तासांतच एवढी सूज आली तर सांध्याच्या आत रक्तस्राव झालेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा वेळी मुरगळले असेल म्हणून थांबून राहू नये.

आमच्या तालमीत सांधे बसवणारे एक वयस्कर वस्ताद आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचे मैदान उभे केलेल्या या गावात कुस्ती घरोघरी आहे, आणि निखळलेला खांदा किंवा बोट कसे हाताळायचे याचे ज्ञान अशा माणसांच्या हातात असते. घरच्यांनी मला त्यांच्यासमोर नेले. त्यांनी गुडघ्याला नुसता हात लावला, वाटी दोन्ही बाजूंनी चाचपली आणि म्हणाले, “हाडाचं न्हाई हे. आतली शीर गेलीया. तेल-बिल काय लावू नका, डाक्टरला दावा.” ताज्या, गरम सुजेवर रगडून मालीश केल्याने रक्तस्राव आणि सूज वाढू शकते, त्यामुळे त्या रात्रीचा त्यांचा हा सल्ला फार मोलाचा होता, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

एक्स-रेमध्ये हाडे शाबूत दिसली. एक्स-रे चांगला आला की अनेक जण तिथेच थांबतात, पण अस्थिबंध एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. अस्थिरोगतज्ज्ञांनी सूज थोडी उतरू दिली आणि मग गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहिली. डाव्या पायाची नडगी थोडी सरकून टचकन थांबत होती. उजव्या पायाची थांबण्याची जागाच सापडत नव्हती. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आतून तिरपे बांधणारा एसीएल नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला अवाजवी पीळ बसू देत नाही. सरळ चालताना त्याची उणीव फारशी भासत नाही, म्हणूनच तो तुटलेली माणसे काही आठवड्यांनी आपण बरे झालो असे समजतात. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचे स्पष्ट झाले. कूर्चेची गादी सुदैवाने वाचली होती.

शस्त्रक्रिया करायचीच का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला आणि त्यांनी तो हसण्यावारी नेला नाही. स्वीडनमध्ये 121 तरुण, खेळत्या माणसांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात अर्ध्या लोकांची लवकर शस्त्रक्रिया करून फिजिओथेरपी केली आणि उरलेल्यांना आधी फक्त फिजिओथेरपी देऊन, गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असे ठरवले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या स्थितीत फरक आढळला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना तोपर्यंत शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. ज्याला पोहायचे, सायकल चालवायची, कामावर जायचे आहे त्याला सुरीशिवायही चांगला गुडघा मिळू शकतो. मला मात्र वळण्या-थांबण्याचा खेळ पुन्हा खेळायचा होता आणि तपासणीत गुडघा फारच सैल होता, म्हणून शस्त्रक्रिया ठरली. पण लगेच नाही. “गुडघा पूर्ण सरळ होऊ दे, सूज जाऊ दे, मांडीत जोर येऊ दे, मग टेबलावर घेतो,” असे म्हणून त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवले.

राजारामपुरीतल्या त्या केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी मशीन लावलेच नाही. बराच वेळ त्या प्रश्न विचारत राहिल्या. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो, तर दिवसातून किती तास उभे राहावे लागते, कामावर दुचाकीने जाता का, ती किक मारून सुरू होते की बटनाने, घरी जिना आहे का, स्वच्छतागृह देशी आहे की कमोड, जेवायला खाली बसता की टेबलावर, हे सारे त्यांनी लिहून घेतले. मग दोन्ही मांड्यांवर, वाटीच्या वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर पेनाने खूण करून टेपने घेर मोजला. दुखापत होऊन थोडेच आठवडे झाले होते, तरी उजवी मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली होती.

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. माझ्या एका सहकाऱ्याला पूर्वी एका ठिकाणी कित्येक आठवडे नुसते शेक आणि अल्ट्रासाउंड दिले गेले, व्यायाम म्हणून एक छापील कागद हातात मिळाला, आणि गुडघा होता तसाच राहिला. अशा यंत्रांनी तेवढ्यापुरता वेदनेला उतार पडू शकतो. तुटलेला अस्थिबंध किंवा वाळलेला स्नायू त्याने भरून येत नाही. आमच्या मॅडमही एक यंत्र वापरत, पण ते मांडीच्या स्नायूला विजेच्या सौम्य लहरींनी आकसायला लावणारे होते, आणि तेही मी स्वतः त्याच वेळी जोर लावत असतानाच. फिजिओथेरपिस्ट निवडताना पदवी आणि राज्याच्या परिषदेकडची नोंदणी तर पाहावीच. पण पहिल्या भेटीत त्या व्यक्तीने तुम्हाला किती प्रश्न विचारले आणि किती वेळ हात लावून तपासले, यावरून मला अधिक कळले.

शस्त्रक्रिया जानेवारीच्या शेवटी झाली. माझ्याच मांडीच्या मागच्या बाजूचा, हॅमस्ट्रिंगचा कंडरा काढून त्याचा नवा बंध दुर्बिणीतून बसवला. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, कारण माझा त्यात काही वाटा नव्हता. घरी सोडताना ज्या खुणा दिसताच फोन करायला सांगितले होते, त्या मात्र प्रत्येकाला माहीत असाव्यात : पोटरीत वाढती दुखरी सूज, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, आणि छातीत दुखणे किंवा धाप लागणे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. पहिल्या काही आठवड्यांत माझ्याकडून दोनच गोष्टींची अपेक्षा होती : गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणे. ऐकायला हे किरकोळ वाटते. सरळपणा तपासण्यासाठी मला पालथे झोपवून गुडघ्यापासून खालचे दोन्ही पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडायला लावत. उजवी टाच डावीपेक्षा जेवढी वर राहील, तेवढे सरळ होणे बाकी. तेवढीही कसर राहिली तर माणूस कायमचा लंगडत चालतो, वाटीच्या मागे दुखू लागते आणि मांडीचा स्नायू कधीच पूर्ण ताकदीने काम करत नाही, असे मॅडम रोज बजावत. घरी घोट्याखाली उशी ठेवून, गुडघा अधांतरी सोडून मी तासन्‌तास पडून राहायचो. आई येता-जाता मायेने गुडघ्याखाली उशी सरकवायची, कारण तसे बरे वाटते. आणि नेमके तेच करायचे नव्हते, कारण वाकलेल्या अवस्थेतच गुडघा आखडतो. तिला एकदा केंद्रावर सोबत नेऊन मॅडमकडून समजावून घेतले, तेव्हापासून उशी घोट्याखालीच राहिली.

स्नायू जागा करण्याचे काम याहून अवघड निघाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, एवढाच व्यायाम. मॅडम वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटे टेकवून म्हणत, “वाटी मांडीकडे ओढा.” मी दात-ओठ खाऊन जोर लावायचो, नितंब आवळले जायचे, पाऊल ताठ व्हायचे, कपाळावर घाम यायचा, आणि त्या दोन बोटांखालचा स्नायू मात्र मऊच्या मऊ. ज्या मांडीने मी अर्ध्या मैदानावरून चेंडू मारत होतो ती माझे ऐकत नव्हती, हे पचवणे जड गेले. सांध्यात सूज असली की तिथून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था त्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावते. स्नायू तुटलेला नसतो, त्याला आज्ञाच पोहोचत नाही. म्हणून सूज उतरवणे हा दिखाऊ भाग नाही. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, पाय छातीपेक्षा उंच ठेवून घोटा वर-खाली हलवायचा, आणि विजेच्या यंत्राची लहर आली की तिच्यासोबत स्वतः जोर लावायचा. एके दिवशी त्या बोटांखाली काहीतरी थरथरले. मॅडमनी माझा हात धरून माझीच बोटे तिथे टेकवली. पुढच्या आठवड्यात गुडघा न वाकवता पाय सरळ उचलता आला आणि कुबड्या एकेक करून सुटल्या.

या काळात घरातल्या साध्या हालचालींवर बंधने होती. मांडी घालून बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, कमोड वापरायचा, दुचाकीला किक मारायची नाही. हॅमस्ट्रिंगमधून कंडरा काढलेला असल्यामुळे टाच जोराने मागे ओढण्याचे व्यायामही काही आठवडे वर्ज्य होते. पलंगावरून उठताना टाच रोवून शरीर पुढे ओढायची सवय असते, तीसुद्धा मोडावी लागली. आपल्याकडचे जगणे जमिनीशी बांधलेले आहे, आणि परदेशी पुस्तकांतल्या वेळापत्रकात पंगतीला बसण्याचा टप्पा नसतो. मॅडमनी तो आमच्यासाठी घातला होता : आधी पाटावर, मग उंच उशीवर, मग सतरंजीवर.

केंद्रात माझ्या शेजारच्या पलंगांवर जी माणसे असत त्यांच्याकडूनही बरेच शिकायला मिळाले. उसाच्या पट्ट्यातून येणारे एक शेतकरी काका गोठलेल्या खांद्यासाठी येत; मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे अधिक होते. आमच्याच वसाहतीतला एक मोल्डर कंबरदुखीने येत असे. त्याच्या एमआरआयमध्ये मणक्यातली गादी झिजल्याचे लिहिले होते आणि त्या वाक्याने तो इतका धास्तावला होता की वाकणेच सोडून दिले होते. मॅडमनी त्याला सांगितले की ज्यांना कधीच कंबरदुखी झाली नाही अशा विशीतल्या माणसांचे एमआरआय पाहिले तर त्यांतल्याही सुमारे 37 टक्क्यांत अशी झीज दिसते, आणि ऐंशीच्या घरात ती जवळजवळ सर्वांत दिसते. तेव्हा कागदाला घाबरून पडून राहण्यापेक्षा चालते-फिरते राहावे, भार हळूहळू वाढवावा. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पाय लुळा पडत जाणे, यांपैकी काही झाले तर व्यायाम सोडून त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे, हे त्यांनी त्याच्याकडून पाठ करून घेतले. भिवविणे आणि सावध करणे यांतला फरक मी तिथे पाहिला.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दुखणे जवळपास थांबले. एप्रिलचे दिवस होते, हंगाम रंगात आला होता, आणि संघातली पोरे दर संध्याकाळी विचारायची, “भावा, चालतोयस की झकास, उतरतोयस कधी?” या संपूर्ण प्रवासातला सर्वांत धोक्याचा काळ हाच आहे, असे मला मनापासून वाटते. नवा बसवलेला कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असतो. शरीर त्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या नेते, जुने तंतू मोडून नवे विणते, आणि या उलथापालथीत सुरुवातीच्या काही महिन्यांत तो बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर होतो. म्हणजे माणसाला चालताना बरे वाटू लागते आणि आतला बंध नेमका नाजूक असतो. माझ्या रोजच्या कामातून मला हे चटकन पटले : भट्टीतून ओतलेला सुटा भाग साच्यातून निघाला की बाहेरून टणक दिसतो, पण आत पोकळी राहिली आहे का हे तपासल्याशिवाय आम्ही तो गाडीत चढवत नाही. दुखत नाही, हा गुडघा तयार असल्याचा दाखला नव्हे.

त्यानंतरचे महिने ताकदीचे होते, आणि ते कंटाळवाणे होते हे सांगायला हवे. अर्ध्या बैठका, पायरीवर चढणे, पायरीवरून एका पायावर सावकाश उतरणे, व्यायामशाळेतल्या यंत्रावर ठरावीक कोनातच पाय लांब करणे, एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे जोतिबाच्या पायऱ्या उतरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे मांडीचा स्नायू लांबत असताना भार पेलतो. तालमीतल्या पूर्ण बैठका कधी मारू, असे मी विचारले तेव्हा मॅडम त्याच्या विरोधात नव्हत्या. बैठक हा मांडीसाठी उत्तमच व्यायाम आहे, पण खोलवर वाकलेल्या गुडघ्यावर भार घेण्याची वेळ पुढे येईल, असे त्या म्हणाल्या, आणि पावसाळा संपता-संपता त्यांनी त्या स्वतःच सुरू करून दिल्या.

पळण्याची परवानगी तारखेवर मिळाली नाही. गुडघा पूर्ण सरळ, सूज नाही, एका पायावर अर्धे बसून उठताना गुडघा आत झुकत नाही आणि उजव्या मांडीची ताकद डाव्याच्या सुमारे 70 टक्के, एवढे जमल्यावर रंकाळ्याच्या पदपथावर पहाटे एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे असे सुरू झाले. त्या दिवसापासून एक तपासणी मी स्वतः करायला शिकलो. गुडघ्याच्या आतल्या बाजूवरून तळहात वर मांडीकडे फिरवायचा, मग बाहेरच्या बाजूवरून खाली आणायचा आणि आतल्या खळग्याकडे पाहत राहायचे. तिथे पाण्याची लाट येऊन फुगवटा दिसला तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला; त्या दिवशी पळायचे नाही. व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन इतके दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली असता कामा नये. जुलैत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि शिरोळ, करवीरच्या गावांतल्या रुग्णांचे येणे थांबले, तेव्हा मॅडमनी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून याच पद्धतीने सूज पाहायला आणि त्यानुसार व्यायाम कमी-जास्त करायला शिकवले.

सर्वांत जास्त वेळ आम्ही उडीवरून उतरण्यावर आणि थांबण्यावर घालवला, आणि माझ्या मते हाच भाग बहुतेक ठिकाणी वगळला जातो. छोट्या पाटावरून दोन्ही पायांवर उतरायचे, मॅडम समोरून मोबाइलवर चित्रीकरण करत आणि हळू गतीने दाखवत. पाय टेकताच उजवा गुडघा किंचित आत येतो, भार डाव्या पायावर सरकतो, खांदे मागे राहतात, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत मला खरे वाटले नव्हते. ज्या हालचालीत एसीएल तुटला तीच हालचाल शरीराने जशीच्या तशी जपून ठेवली होती. मग कंबर मागे, छाती पुढे, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, आणि उतरताना आवाज न करता, असे शेकडो वेळा. त्यानंतर एका पायावर. त्यानंतर पळत येऊन तीन पावलांत थांबणे. त्यानंतर ठरलेल्या दिशेला वळणे, आणि अगदी शेवटी मॅडम आयत्या वेळी हात दाखवतील त्या दिशेला वळणे. मैदानावर दिशा आपण ठरवत नाही, समोरचा ठरवतो. म्हणून ठरलेल्या वळणांवर चांगला चाललेला गुडघाही न ठरलेल्या वळणावर डगमगतो.

ऑक्टोबरअखेर नऊ महिने भरले. नॉर्वेत शंभराहून थोड्या अधिक खेळाडूंवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होत गेले. त्याच अभ्यासात ताकदीच्या व उड्यांच्या चाचण्या पूर्ण न करता परतलेल्यांपैकी 38 टक्के पुन्हा जखमी झाले. चाचण्या उत्तीर्ण होऊन परतलेल्यांपैकी 6 टक्क्यांहूनही कमी. नऊ महिने भरणे आणि चाचणी उत्तीर्ण होणे, दोन्ही हवे. जमिनीवर टेप चिकटवून एका पायाची लांब उडी, सलग तीन उड्या, रेषा ओलांडत तिरप्या उड्या आणि सहा मीटर अंतर उड्या मारत पार करण्याचा वेळ, अशा चार चाचण्या झाल्या. प्रत्येकीत उजवा पाय डाव्याच्या किमान 90 टक्के भरला पाहिजे. उड्यांत मी भरलो. मांडीच्या ताकदीत भरलो नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट दाखवली, की इतक्या महिन्यांत डावा पायही थोडा उतरलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलना मुळातच सवलतीची असते. संघाचा पहिला सामना तोंडावर होता. मॅडमनी प्रशिक्षकांना फोन करून आकडे सांगितले आणि प्रशिक्षकांनी माझे नाव यादीतून काढले. त्यांनी ते समजून घेतले याचा मला आजही आनंद आहे.

त्याच सुमारास त्यांनी मला बारा प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली. खेळताना गुडघ्याचा विचार न करता खेळू शकाल का, पुन्हा दुखापत होईल अशी भीती वाटते का, असे साधे प्रश्न होते. भीतीबद्दल मला आमच्याकडे कोणी कधी विचारलेले नव्हते. मी खरे ते लिहिले, आणि त्यावरून पुढच्या काही आठवड्यांच्या सरावात मुद्दाम एक-एक खेळाडू अंगावर घेण्याचे प्रसंग ठेवले गेले; आधी एकाच ओळखीच्या मुलाबरोबर, मग वेगाने, मग गर्दीत. डिसेंबरमध्ये चाचण्या पुन्हा झाल्या आणि सगळ्यांत 90 च्या वर आलो. आधी सराव, मग सरावातला पूर्ण सामना, मग खऱ्या सामन्याची शेवटची काही मिनिटे, अशा क्रमाने जानेवारीत मी मैदानावर परतलो. आठवड्यातून दोनदा मांडीचे आणि हॅमस्ट्रिंगचे व्यायाम आजही चालू आहेत, दोन्ही पायांचे, कारण एकदा एसीएल तुटलेल्या खेळाडूचा दुसऱ्या पायाचा एसीएलही धोक्यात असतो.

फिफाने तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ नावाचा सरावापूर्वीचा व्यायामक्रम आहे. सुमारे वीस मिनिटांचा, साहित्यात एका चेंडूपलीकडे फारसे काही लागत नाही. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर तो वापरून पाहिला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. यंदा मॅडमनी दोन रविवार येऊन तो आमच्या संघाला शिकवला. वरिष्ठ खेळाडू अजून पाच-सात मिनिटांतच चेंडूकडे धावतात, त्यामुळे मी तो आता पेठेतल्या मुलींच्या संघाकडे अधिक लक्ष देऊन करून घेतो. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा जास्त असते आणि त्यांच्यापर्यंत ही माहिती सर्वांत उशिरा पोहोचते. त्या पूर्ण वीस मिनिटे करतात, आणि उडीवरून उतरताना कोणाचा गुडघा आत झुकला तर एकमेकींना लगेच सांगतात.